पेरलगेरीची बाटली

अप्पाजीचं अक्षर बघून माणूस थबकायचा. त्याच्या बापानं सुभाष रोडवर चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. कन्नड, मराठी, इंग्रजी, तिन्ही अक्षरं बापाच्या हातातून पोराच्या हातात उतरली होती. पुढं फ्लेक्सनं पाट्यांचा धंदा खाल्ला, बाप गेला, आणि अप्पाजी धारवाडातल्या एका प्रयोगशाळेत कंत्राटी मदतनीस म्हणून चिकटला. गावोगावच्या विहिरींचं, तळ्यांचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं आणि बाटलीवर लेबल लावायचं, हे त्याचं काम. बावीस वर्षं त्यानं ते केलं. प्रयोगशाळेच्या प्रमुख मेधा मॅडम नव्या पोरांना त्याची बाटली उचलून दाखवायच्या. "लेबल असं लिहायचं असतं." तेव्हा अप्पाजी खिडकीबाहेर बघत आपल्याला काही ऐकू येत नाही असं दाखवायचा. सगळं ऐकू यायचं.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढं त्याला शिव्या घालायची वेळ येणारच आहे.

प्रयोगशाळेत काय चालतं ते मॅडमनी त्याला एकदा चहा घेताना समजावलं होतं. पूर्वी पाण्यातला जंतू ओळखायचा तर तो काचेच्या बशीत वाढवावा लागे, आणि बहुतेक जंतू बशीत वाढायला तयारच नसतात. आता तसं नाही. बाटलीतल्या साऱ्या जिवांचा डीएनए एकदमच काढायचा, यंत्रानं वाचायचा, आणि त्या लाखो तुकड्यांतून पाण्यात कोण कोण राहत होतं ते संगणकावर हुडकायचं. मॅडमना हवे होते विहिरीतले विषाणू, तेही जंतूंनाच मारणारे. पण जे वाचलं ते सगळं जगासाठी खुल्या साठ्यात ठेवायचं, असा नियम. "आज आपण जे शोधतच नाही, ते उद्या दुसऱ्या कुणाला त्यात सापडेल," मॅडम म्हणाल्या. "पण अप्पाजी, त्या माणसाला आपली विहीर दिसणार नाही. त्याला मिळणार वाचलेला डीएनए आणि तुमचं लेबल. तेवढंच."

त्या रात्री जेवताना त्यानं बायकोला, कविताला, हे सांगितलं आणि भाकरी जरा जास्तच खाल्ली. आपलं अक्षर जगात वाचलं जाणार, म्हणून.

२०२१ च्या श्रावणात अळणावरच्या आसपासच्या विहिरींची यादी त्याच्या हातात होती. लेबलं तो सकाळीच, धारवाडच्या केलगेरी भागातल्या आपल्या घरी, चहाबरोबर लिहून ठेवायचा. विहिरीवर ओल्या हातानं लिहिलं तर अक्षर बिघडतं ना! गाव, तारीख, अक्षांश, रेखांश, सगळं आधीच बाटलीवर चिकटलेलं. पाणी मागाहून यायचं. त्या दिवशी सात बाटल्या होत्या. सहा भरून झाल्या, सातवी पेरलगेरीची. आणि पेरलगेरीच्या वाटेवर तेगीनकोप्प, म्हणजे त्याची सासुरवाडी.

सासू भागीरथी दारातच उभी होती. "दारावरनं गाडी नेतासा होय? जेवल्याबिगर जावई गेला तर गल्ली काय म्हणंल मला?"

"मामी, काम हाय. बाटल्यांभोवतीचा बर्फ वितळाय लागलाय."

"वितळू दे की."

शेंगाहोळगी, म्हणजे दाण्यांची गोड पोळी झाली, वर तूप झालं, मेव्हणा उमेश शेतातून चिखलाच्या पायांनी आला आणि गप्पांना बसला. घड्याळात तीन वाजून गेले. पेरलगेरी अजून नऊ किलोमीटर, रानातली वाट, गाडीचं चाक निम्मं बुडेल असा चिखल. पाचच्या आत धारवाड गाठायचं. अप्पाजीनं परसातल्या विहिरीकडं बघितलं. माती तीच तांबडी, रान तेच, पाऊस तोच. पाणी वेगळं कुठून असणार?

"आमचंबी पाणी न्या की धारवाडला," भागीरथी हसून म्हणाली आणि पदर खोचून तिनं स्वतःच घागर सोडली. अप्पाजीनं बाटली धरली, तिनं ओतलं. बाटलीवर सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं: पेरलगेरी. भागीरथीला वाचता येत नव्हतं.

दिवाळीला तिनं विचारलं, "जावईबापू, काय निघालं आमच्या पाण्याचं?"

"एकदम चांगलं निघालं, मामी."

बोलून तो फराळाकडं वळला. त्याला ते खोटंसुद्धा वाटलं नाही. म्हातारीनं मात्र सगळ्या गल्लीला सांगितलं की आमच्या विहिरीचं पाणी धारवाडच्या मोठ्या प्रयोगशाळेत पास झालंय. पाणी उकळून प्या म्हणून सांगायला आरोग्य खात्याची आशाताई आली, तर तिलाही तेच ऐकवलं. गल्लीतल्या बायकांचं सरपण वाचलं.

तीन वर्षं गेली. २०२४ च्या पावसाळ्यात भाताची लावणी आटोपली आणि उमेशला ताप भरला. चव्वेचाळीस वर्षांचा गडी, साखरेचा आजार अंगात आधीपासूनच. ताप उतरेना, खोकला थांबेना. हुबळीच्या एका दवाखान्यात छातीचा फोटो काढला, त्यात डाग दिसला. थुंकीत क्षयाचे जंतू काही सापडले नाहीत, पण डाग तसाच दिसतोय म्हणून क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिने गोळ्या खाल्ल्या आणि माणूस निम्मा झाला. खाटेवरून उठायला त्याला दोघं लागायचे.

नोव्हेंबरात मॅडमना थायलंडहून एका संशोधक बाईंचं पत्र आलं. त्या बाई खुल्या साठ्यातलं जगभरचं पाणी चाळत होत्या, मातीत आणि पाण्यात राहणारा एक घातकी जंतू हुडकत. मॅडमनी पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. पेरलगेरीच्या बाटलीत त्याच्या खुणा ठळक आहेत. त्याच्यापासून होणारा ताप फुप्फुसात गेला की क्षयासारखाच दिसतो. साखरेच्या रोग्यांना तो जास्त धरतो. क्षयाच्या गोळ्यांनी त्याला काहीही होत नाही, त्याची इंजेक्शनं वेगळी, आणि ती वेळेवर मिळाली नाहीत तर माणूस हाताला लागत नाही. तिथं असे कुणी आजारी असतील तर कृपा करून लगेच बघा.

अप्पाजीला सगळं त्याच क्षणी कळलं. पुढं त्यानं स्वतःची बरीच समजूत घातली, पण मला कळलंच नव्हतं असं मात्र त्याला स्वतःलाही कधी म्हणता आलं नाही.

आरोग्य खात्याची माणसं दुसऱ्याच दिवशी पेरलगेरीला गेली. विहिरीवर जाळी पडली. बायका घागरी घेऊन दोन किलोमीटरवरच्या बोअरला जाऊ लागल्या. तिथल्या एका मुलीला बघायला आलेले पाहुणे चहाला न थांबता परत गेले. घरोघर तपासणी झाली, आणि आजारी कुणीच सापडलं नाही.

अप्पाजीला नोकरीत कायम करण्याची फाईल त्याच महिन्यात वर गेली होती, मॅडमच्या शिफारशीसकट. म्हणून तो गप्प राहिला, असं म्हणता येईल. पण खरं सांगायचं तर फाईलपेक्षा ते दुसरंच त्याला सोडवत नव्हतं. लेबल असं लिहायचं असतं! ते वाक्य बावीस वर्षं त्याच्या कानात होतं, आणि त्याच्याशिवाय आपण कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. माणसं एवढ्याशा गोष्टीला धरून बसतात आणि तिच्यापायी दुसऱ्याचा जीव टांगतात.

त्यानं मधली वाट काढायचं ठरवलं. कविताला घेऊन तो हुबळीला गेला आणि डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, तो नवा ताप सापडलाय म्हणतात, त्याची एकदा तपासणी केली तर?"

डॉक्टर गृहस्थ भले होते. "बातमी मीही वाचली," ते म्हणाले. "पण ते पेरलगेरी. तुमचं गाव त्यात कुठं आहे? तिथंसुद्धा रोगी मिळाला नाही. नोडी, हे बघा," म्हणत त्यांनी फोन पुढं केला. पडद्यावर खुल्या साठ्यातली नोंद होती. गाव पेरलगेरी. तारीख. अक्षांश, रेखांश. खाली नमुना घेणाऱ्याचं नाव. अप्पाजीनं स्वतःचं लेबल वाचलं. तिथं एक वाक्य बोललं असतं तर पुरे होतं.

"बरोबर आहे साहेब," तो म्हणाला.

दवाखान्यातल्या खाटेवरून उमेशनं त्याचा हात धरला. हात नुसता तापलेला. "दाजी, तुमच्याच लॅबनं हुडकलं म्हणं. नशीबवान हाईत पेरलगेरीची माणसं. येळंवर कळलं त्यास्नी."

अप्पाजीनं मान हलवली. असे नऊ दिवस गेले. नऊ दिवस तो रोज कामावर गेला, रोज लेबलं लिहिली, आणि रोज घरी आल्यावर कविताला विचारलं, "उमेश कसा हाय?" नवव्या दिवशी सकाळी ती फोन हातात घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. "अवो, त्यानं आईला वळखलं न्हाई."

तो चप्पल न घालताच निघाला होता, ती घालायला कोपऱ्यावरून परत आला. प्रयोगशाळेत मॅडमच्या टेबलासमोर उभा राहून त्यानं श्रावणातली ती दुपार सांगितली. होळगी, चिखल, परसातली विहीर, सगळं. मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "डॉक्टरांना कळवलंत?"

"आधी तुमाला सांगावं म्हटलं."

"मला?" त्या म्हणाल्या, आणि त्यांनी फोन उचलला.

रक्त तपासणीला गेलं. तिसऱ्या दिवशी त्यात तोच जंतू वाढला. वेगळी इंजेक्शनं सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी, दुपारी, उमेश गेला. नऊ दिवस आधी सुरू झाली असती तर वाचला असता का? डॉक्टर म्हणाले, बहुधा. जंतू विहिरीतून अंगात शिरला की भाताच्या चिखलातून, ते आता कुणालाच सांगता येणार नाही, असं मॅडम म्हणाल्या. अप्पाजीला त्याचा काही आधार झाला नाही.

खुल्या साठ्यातली नोंद दुरुस्त करायची होती. अर्जात एक रकाना होता, बदलाचं कारण. मॅडमनी संगणक त्याच्याकडं वळवला. "हे तुम्ही लिहा." एकेक कळ दाबत त्यानं लिहिलं की पाणी तेगीनकोप्पच्या एका घरच्या विहिरीचं आहे आणि लेबल खोटं होतं. छापील अक्षरं ती. त्यात कुणाचा हात ओळखू येत नव्हता. नोकरीत कायम करण्याची फाईल परत खाली आली, आणि ती कुठं गेली हे त्यानं विचारलं नाही.

बाराव्याला तो तेगीनकोप्पला गेला. परसातल्या विहिरीवर आता जाळी होती आणि दारात टँकरच्या पाण्याची पिंपं. भागीरथी भिंतीला टेकून बसली होती, भोवती गल्लीतल्या बायका. जावयाला बघून ती सावरून बसली.

"ह्येंनीच हुडकलं," ती बायकांना सांगू लागली. "एवढं डाक्तर, कुणाला कळलं न्हाई. माझ्या जावयानं रोगाचं नाव सांगितलं. उशीर झाला खरं. त्यो काय ह्येंच्या हातात हुता?" तिनं लोट्यात पाणी भरून त्याच्यापुढं ठेवलं. "घ्या. टँकरचं हाय. उन्हातनं आलासा."

अप्पाजीनं लोटा उचलला, आणि त्याला तो तोंडाला लावता येईना.

"मामी, मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "डाक्तरला कळायच्या नऊ दिवस आधी. पेरलगेरीची म्हणून गेली ती बाटली तुमच्या विहिरीची. तुमीच ओतलं होतंसा पाणी. मी सांगितलं न्हाई."

कविता दाराशी ताटं घेऊन उभी होती. तिनं ताटं खाली ठेवली. भागीरथी नऊ दिवसांचं काही बोलली नाही. तिनं दुसरंच विचारलं.

"मग दिवाळीला मी इचारलं तवा? चांगलं निघालं म्हणालासा."

"बघितलंच नव्हतं, मामी."

"उमेश उकळून पीत हुता," म्हातारी सावकाश म्हणाली. "साखर हाय म्हणून. कशाला सरपण जाळतोस म्हणून मीच बंद करायला लावलं."

मग ती उठली. सुतकातली बाई, बारा दिवसांत उंबरा ओलांडला नव्हता. भिंतीला धरत ती बाहेर गेली. कविता मागोमाग धावली, तिला तिनं हातानंच मागं सारलं. शेजारच्या मंगलाच्या दारात ती उभी राहिली आणि मोठ्यानं बोलू लागली, आतपर्यंत ऐकू येईल असं. "पाणी चांगलं हाय म्हणून मी सांगितलं हुतं न्हवं तुमाला? ते खोटं हुतं. घरात कुणाला ताप असंल तर धारवाडला न्या. आजच न्या." तिथून ती पुढच्या दारात गेली, मग त्याच्या पुढच्या.

अप्पाजी लोटा धरून आतच बसला होता. गल्लीच्या टोकापर्यंत तिचा आवाज त्याला ऐकू येत होता. प्रत्येक दारात ती तेच सांगत होती, मीच सांगितलं हुतं, ते खोटं हुतं. जावयाचं नाव तिनं एकाही दारात घेतलं नाही.