पेट्रोलवर उठणारी, घासलेटवर चालणारी

मी लग्न होऊन नारपोलीत आले तेव्हा माझ्या माहेरी, गणेशपुरीच्या पलीकडच्या आमच्या पाड्यात, विजेचे खांब होते पण तारा नव्हत्या. त्यामुळे सासरचा फ्रिज पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ते कपाट वाटलं. घडी केलेल्या साड्या घेऊन मी त्याचं दार उघडायला गेले. सासूबाईंनी माझा हात धरला. त्यांना मी आत्याबाई म्हणायची.

"त्यात नको गं," त्या म्हणाल्या. "त्यात बोंबील हायेत."

हा फ्रिज माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, हौसेने आणलेला. घरामागची भाताची पट्टी त्यांनी एका लूमवाल्या शेठला दिली होती. त्या पट्टीवर शेड उभी राहिली, यंत्रमागांची चोवीस तास खटखट सुरू झाली, आणि मामंजींनी जमिनीच्या बदल्यात आयुष्यातली एकच चैन केली. आमच्या आळीतला तो पहिला फ्रिज. त्यामुळे तो आमचा असा फारसा राहिलाच नाही. कुणाचं दही, कुणाचे बांगडे, कुणाच्या पाहुण्यांसाठी बर्फ. आत जागा नसली की आत्याबाई आमचंच दूध बाहेर काढायच्या.

एक जागा मात्र कुणी हलवायची नाही अशी ठरलेली होती. दाराच्या वरच्या खणात, अंड्यांच्या खाचेत, एक छोटी काचेची बाटली असायची. ती शेजारच्या मास्तरांच्या इन्शुलिनची. मास्तर हायस्कूलात विज्ञान शिकवायचे आणि त्यांना साखरेचा आजार होता. रोज सकाळी सातला ते पंचा खांद्यावर टाकून यायचे, बाटली न्यायचे, सुई टोचून परत आणून ठेवायचे आणि मग आमच्याकडे बिनसाखरेचा चहा पीत, आज विजेचा दाब किती कमी आहे हे बल्बकडे बघून सांगायचे.

त्या वर्षी मे महिन्यात आमचा ट्रान्सफॉर्मर जळाला. चार दिवस लाईट नाही. पहिल्या दिवशी आळीने आपापले बांगडे नेले. दुसऱ्या दिवशी, न नेलेले बांगडे कुणाचे यावर भांडण झालं. तिसऱ्या दिवशी मामंजींनी फ्रिजचं दार उघडलं, लगेच लावलं आणि ओटीवर जाऊन बसले. मास्तरांची बाटली आत्याबाईंनी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवली होती.

"हे काय खरं न्हाय," मामंजी म्हणाले. "मास्तरांच्या जिवाचा प्रश्न हाय. आपण जनरेटर घेऊ."

बाटली न्यायला आलेल्या मास्तरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मामंजींचा चेहरा बघून मिटलं.

जनरेटर घ्यायचा हे एका मिनिटात ठरलं. कोणता घ्यायचा, याला सव्वा महिना लागला.

मास्तर पेट्रोलच्या बाजूचे. त्यांनी जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर तक्ता करून आणला. स्वच्छ ज्वलन, कमी धूर, झटकन चालू होणं, असे रकाने पाडून त्यांनी दोन्ही इंधनांना शंभरपैकी गुण दिले होते. पेट्रोलला बहात्तर, घासलेटला चौतीस.

"म्हणजे घासलेट एका मार्कानं नापास?" मामंजींनी विचारलं.

"एका गुणाने," मास्तर म्हणाले. "पण वाढवून देणार नाही."

मामंजी घासलेटच्या बाजूचे. पेट्रोलचा भाव भडकलेला होता, आणि तेवढ्यासाठी पंपावर जाऊन डबा धरून उभं राहणं त्यांना कमीपणाचं वाटे. "पंपावर जायला गाडी तरी पायजे माणसाकडं," ते म्हणायचे.

आत्याबाई कुणाच्याच बाजूच्या नव्हत्या. घासलेट म्हटलं की त्यांना स्टोव्ह दिसे आणि रेशनच्या दुकानासमोरची रांग दिसे. "माझ्या घासलेटाला हात लावाल तर जनरेटरवरच भात शिजवा," असं त्यांनी सांगून टाकलं. माझे यजमान ठाण्याला कचेरीत होते. ते सकाळी जाताना आईला 'बरोबर आहे' म्हणायचे आणि आल्यावर वडिलांना.

मार्ग काढला तो मागच्या शेडमधल्या उस्तादांनी. हे लूमचे मिस्त्री, उत्तरेकडून आलेले, पांढरी दाढी, कानामागे नेहमी पेन्सिल. पाणी प्यायला ते आमच्या मागच्या दाराशी येत. महिनाभर त्यांनी वाद ऐकला आणि एके दिवशी लोटा खाली ठेवत म्हणाले, "चाचा, दोनों में झगड़ा काहे का? दोनोंवाली मशीन आती है. पेट्रोल पे उठती है, घासलेट पे चलती है. जो मिले वो पिला दो."

"तुमच्यासारखीच," आत्याबाई मामंजींना म्हणाल्या. "चहावर उठायचं, आन मग दिवसभर नुसता धूर."

तर एका रविवारी मामंजी, मास्तर, उस्ताद आणि मी असे चौघं धामणकर नाक्याजवळच्या एका दुकानात गेलो. मला का नेलं, तर आत्याबाईंनी पाठवलं म्हणून. "ही तिघं आपापसात बोलत बसतील," त्या म्हणाल्या. "तू यंत्राकडं बघ."

दुकानात दोन जनरेटर होते. एक लहान, लाल, नुसत्या पेट्रोलचा. दुसरा मोठा, राखाडी, त्यावर दोन टाक्या: छोटी पेट्रोलची, मोठी घासलेटची, आणि मध्ये इंधन बदलायचा एक पितळी कॉक. दुकानदार लाल यंत्रावर हात ठेवून म्हणाला, "ये देखो, पोर्टेबल. एका हाताने उचला."

मामंजींनी एका हाताने उचलायला घेतला. मग दोन हातांनी. मग मास्तर दुसऱ्या बाजूने आले. यंत्र वीतभर वर गेलं आणि मास्तरांचा चष्मा खाली पडला.

"पोर्टेबल म्हणजे उचलता येण्याजोगा," मास्तर चष्मा पुसत म्हणाले. "कुणाला, ते त्या शब्दात येत नाही."

दुकानदाराने दोरी ओढली. लाल जनरेटर लगेच सुरू झाला आणि त्याने तारेला लावलेला एक बल्ब लखलखीत पेटला. मास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू तो बल्ब त्यांनीच शोधला होता. मामंजीही विरघळले. घासलेटचं नाव कुणी काढेना.

मी पदर सावरून हळूच विचारलं, "पण याच्यावर फ्रिज चालेल का?"

"बल्ब जलता है ना, बहनजी? लाईट म्हणजे लाईट."

"बल्बाचं काम आमच्याकडे कंदिलावरही भागतं," मी म्हटलं. "फ्रिज चालतो का ते दाखवा."

"फ्रिज कुठून आणू मी?"

मग मामंजी उठले. त्यांच्या डोक्यात एकदा आलं की ते खाली उतरवणं अवघड. "आम्ही आणतो," ते म्हणाले.

तासाभराने आमचा फ्रिज हातगाडीवर उभा, चारी बाजूंनी सुंभाने बांधलेला, नारपोलीतून निघाला. उस्तादांनी बजावलं होतं की तो आडवा घालायचा नाही. त्यामुळे पुढे हातगाडीवाला, दोन्ही बाजूंना मामंजी आणि उस्ताद फ्रिजला मिठी मारून, मागे मास्तर 'सावकाश, सावकाश' करत, आणि त्यांच्या मागे मी, छातीशी थर्मास धरून. थर्मासात बर्फ आणि मास्तरांची बाटली. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, हुंड्यात फ्रिज आला आणि मी नवरी. एका म्हाताऱ्या बाईने तर माझ्यावरून बोटं मोडली.

नाक्यावर टांगे, ट्रक, सुताच्या गाठोड्यांनी भरलेल्या हातगाड्या, सगळं आधीच अडकलेलं असायचं. त्यात आमचा फ्रिज. हवालदार शिट्टी वाजवत आला. "हे काय आणि?"

"ट्रायल हाय," मामंजी म्हणाले, इतक्या अधिकाराने की हवालदाराने एक ट्रक थांबवून आम्हाला वाट दिली आणि तो स्वतःही बघायला आला.

दुकानासमोर गर्दी जमली. आधी लाल जनरेटर. दोरी ओढली, बल्ब पेटला, मग उस्तादांनी फ्रिजची पिन खोचली. फ्रिज 'हंम्म' करून कण्हला, जनरेटर 'घुर्र' करून खाली बसला, बल्ब लाल होऊन विझला आणि सगळं शांत. दुसऱ्यांदा तसंच, तिसऱ्यांदाही. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "बैठ गया बेचारा."

मास्तर तक्त्याचा कागद खिशात घालत पुटपुटले, "चालू होताना फ्रिज जास्त ओढतो. हे मी आठवीला शिकवतो." शिकवत होते, तर आधी का नाही बोलले, हे कुणी विचारलं नाही.

मग राखाडी. पेट्रोलवर सुरू झाला. उस्तादांनी पिन खोचली. यंत्राने एक ठसका दिला, सावरलं आणि फ्रिज घुमायला लागला. उस्तादांनी त्याच्या पाठीला कान लावून डोळे मिटले, डॉक्टर लावतात तसा, आणि मान डोलावली. गर्दीने टाळ्या वाजवल्या.

"आता घासलेट," मामंजी म्हणाले, आणि दुकानदार 'अभी नहीं, अभी नहीं' करेपर्यंत त्यांनी पितळी कॉक फिरवला.

इंजिन अजून तापलं नव्हतं. त्यातून असा पांढरा धूर निघाला की आधी दुकान दिसेनासं झालं, मग हवालदार. धुरात मामंजींचा आवाज तेवढा येत होता, "चालू हाय ना? चालू हाय ना?" धूर ओसरला तेव्हा फ्रिजचं दार उघडं होतं. कुणीतरी थंड पाण्यासाठी उघडलं असावं. आत एका ताटलीत आत्याबाईंचे सहा बोंबील होते आणि सगळा धामणकर नाका त्यांच्याकडे बघत होता. मामंजींनी दार लावलं, उपरण्याने तोंड पुसलं आणि दुकानदाराला म्हणाले, "हाच द्या."

दुकानदाराने चालवायची रीत सांगितली. आधी पेट्रोल. इंजिनाला हात लावून चटका बसेल इतकं तापलं की मग घासलेट. बंद करायच्या आधी दोन-तीन मिनिटं पुन्हा पेट्रोल, म्हणजे नळीतलं घासलेट संपतं. नाहीतर पुढच्या वेळी थंड इंजिन उठायचं नाही. तो हे सांगत होता तेव्हा मामंजी हातगाडीवाल्याशी बोलत होते, मास्तर हवालदाराला ज्वलन समजावत होते आणि उस्ताद चहाला गेले होते. ऐकणारी मी एकटी.

पुढच्या आठवड्यात लाईट गेली. मामंजींनी आळीला बोलावलं, जनरेटर अंगणात शेवग्याखाली ठेवला, दोरी ओढली. चालला! ते एका हाताने मिशी सावरत तासभर त्याच्याजवळ उभे राहिले. लाईट आल्यावर त्यांनी तो घासलेटवर असतानाच खटकन बंद केला. मी म्हटलं, "मामंजी, आधी कॉक..."

"मला शिकवतेस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लाईट गेली. मामंजींनी चाळीस वेळा दोरी ओढली. मास्तरांनी सात वेळा ओढली आणि मग हातांचा घाम पुसत घर्षणावर बोलले. शेवटी मामंजी उंबऱ्यावर टेकले, आत्याबाई त्यांना वारा घालू लागल्या. मी कॉकखालची नळी सोडून त्यातलं घासलेट वाटीत काढलं, कॉक पेट्रोलवर केला आणि पदर खोचून दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला यंत्र उठलं.

मग आत्याबाई म्हणाल्या, "ती वाटी आण इकडं. स्टोव्हात वतते."

तेव्हापासून ते यंत्र माझं झालं. कुणी तसं जाहीर केलं नाही. लाईट गेली की सगळे माझ्याकडे बघायचे, एवढंच. रेशनवर घासलेट आलं नाही तर मी ते नुसत्या पेट्रोलवर चालवायची, आलं तर आत्याबाईंशी घासाघीस करून अर्धी बाटली मिळवायची. पंपावर डबा घेऊन मीच जायची. मला त्यात कमीपणा वाटला नाही. पंपावरचा माणूस मला 'जनरेटरवाली भाभी' म्हणायचा आणि रांगेतून पुढे घ्यायचा.

वर्षभराने एका सकाळी चहा पिताना मास्तरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "एक सांगायचं राहिलंय. डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं, बाटली महिनाभर माठाशेजारी ठेवली तरी चालते. पण तुमचा उत्साह मोडवेना."

मला वाटलं, आता मामंजी भडकणार. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "मलाही ठावं व्हतं, मास्तर. मी डॉक्टरला इचारलं व्हतं. पण बोंबलासाठी जनरेटर घेतो म्हटलं असतं, तर हिनं घेऊ दिला असता का?"

आतून आत्याबाईंनी भांडं आपटलं. त्यांना ऐकू गेलं होतं. तो आठवडाभर घरात नुसती भाजीच झाली.

त्याच वर्षी हिवाळ्यात मागच्या लूमवाल्या शेठच्या मुलीचं लग्न निघालं. दुपारचा समारंभ, मोठा मांडव, आणि लाईटचा भरवसा नाही. शेठ स्वतः आमच्या ओटीवर जनरेटर मागायला आले. मामंजी हो म्हणणार तेवढ्यात आत्याबाई पुढे झाल्या. "मशीन जाईल. पण सूनबाई संगती जाईल. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाय."

म्हणून मी हिरवी जरीची साडी नेसून, केसांत गजरा माळून, मांडवाच्या मागे पडद्याआड जनरेटरजवळ खुर्ची टाकून बसले. दुपारी खरंच लाईट गेली. मी दोरी ओढली, लाउडस्पीकरचा भोंगा पुन्हा बोलायला लागला आणि मांडवातून 'वाह, वाह' आलं. थोड्या वेळाने बायकांच्या बाजूने एक वयस्कर बाई पानाचा डबा घेऊन पडद्यातून डोकावल्या. नवरीच्या कुणी आजी असाव्यात. त्यांनी माझी साडी पाहिली, गजरा पाहिला, हातातलं काळं फडकं पाहिलं.

"बेटी, तुम लड़कीवालों में से हो या लड़केवालों में से?"

माझं हिंदी तेव्हा कच्चं होतं. जे सुचलं ते बोलले. "जी, मैं मशीनवालों में से हूँ."

त्यांनी गंभीरपणे मान हलवली, वळल्या आणि आत ओरडून सांगितलं, "अरे, मशीनवालों का खाना नहीं भेजा किसी ने!" लगेच माझ्यासमोर एक भलं मोठं ताट आलं, वर दोन गोडाचे वाडगे. मी एका हाताने जेवले, कारण दुसरा कॉकवर होता.