घाटनांदूरचा निरोपाचा सामना

पाण्याची बाटली घेतली का? नाही ना? ठाऊकच होतं मला. मागच्या खेपेला कपिलधारची वाट सांगताना किती बजावलं होतं! तुम्ही वाचता, मान डोलावता आणि चहा पिऊन होईस्तोवर विसरता. मला एक अक्षर येत नाही, म्हणून सगळं डोक्यातच ठेवावं लागतं. मी सांगते, नात वैशाली मोबाइलवर लिहिते. ती अंबाजोगाईला कॉलेजात शिकते आणि घाटनांदूरच्या रग्बी क्लबात खेळते.

दिवाळीला ती उमापूरला आली ती खांदा काळानिळा करून.

"कुणी मारलं गं?"

"मारलं न्हाई आजी, खेळताना लागलं."

"असला कसला खेळ? चल, मला दाव."

झालं, निघाले. दोन दिवसांचा बेत, पिशवीत एक लुगडं आणि मिसरीची डबी.

उमापूरहून गेवराईपर्यंत वडापची जीप, तिथून बीडमार्गे अंबाजोगाईला एसटी. पंच्याहत्तरी ओलांडली असेल तर कार्ड दाखवा, तिकीट पडत नाही. बायांना अर्धं. बाप्यांनी पूर्ण द्यावं आणि गप बसावं. मांजरसुंब्याला चहा घ्या, भजी कढईतून निघताना डोळ्यांनी दिसली तरच घ्या.

कंडक्टरनं विचारलं, "आजी, एवढ्या लांब? नवस फेडायला का?"

"रग्बी बघायला."

"ते कंचं देवस्थान?"

वैशाली खिडकीत तोंड घालून हसत होती. केजच्या पुढं मात्र तिचं हसू गेलं. रस्त्यानं ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर, ट्रॉलीत पत्रे, भांडी, कोंबड्या आणि वर माणसं. ऊसतोडीला निघालेली.

"आजी, उद्या काजल बी जाणार."

काजल म्हणजे क्लबातली सगळ्यात जोरात पळणारी पोर, यंदा दहावीला. उन्हाळ्यात आठवडाभर आमच्याकडं राहून गेलती. आईबाप दरसाल तोडीला जातात, ती आपल्या आजीपाशी राहायची. ती आजी आषाढात गेली. आता मागं कुणी नाही, म्हणून पोरीचं दप्तर बंद.

अंबाजोगाईला योगेश्वरीला बाहेरूनच हात जोडले आणि वडापनं घाटनांदूर गाठलं. मैदान म्हणजे गावाबाहेरचं माळरान, दोन्ही टोकांना बांबूचे खांब. कदम सर भेटले. पुण्याला शिकायला गेले आणि येताना पपईसारखा चेंडू घेऊन आले, क्लब तेव्हापासूनचा. आधी नुसती पोरं खेळायची. दिवाळीनंतर निम्मी ऊसतोडीला जायची, संघ भरेना, मग सरांनी पोरींना बोलावलं. गावानं नावं ठेवली. आता तोच गाव कडेला सतरंजी टाकून बसतो.

जाण्याआधी शेवटचा खेळतात तो निरोपाचा सामना. जो तोडीला जाणार तो सामना संपल्यावर आपला सदरा खांबाला बांधतो आणि उन्हाळ्यात परत आला की सोडून घेतो. जुने खेळाडू लेकरं काखेला मारून येतात, पाहुण्या संघाला जेवण असतं. हरणाऱ्यांनी आधी बसायचं, जिंकणाऱ्यांनी वाढायचं.

मी बायांत भाकरी थापायला बसले. शेजारी काजलची आई, शांता.

"लेक राहू दे की इथं," मी म्हणाले.

"कुणाच्या भरवशावर ठिवू, माय? तरणी पोर हाय. फडावरल्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, काय हाल होतात ते मला ठावं न्हाई का? पर डोळ्यापुढं तरी राहील."

भाकरी करपली ती माझीच.

अंबाजोगाईच्या पोरी आल्या, सामना लागला. कंबरेला मिठी मारून पाडतात, उठून पुन्हा पळतात. चेंडू हातानं पुढं फेकायचा नाही, बाजूला नाहीतर मागंच द्यायचा. मी म्हटलं, मग पुढं जायचं कसं? कदम सर हसले. "बघा."

काजल चेंडू घेऊन सुटली. दोघी तिच्यावर धावल्या. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही, नुसता चेंडू मागं सोडला आणि धाडकन पडली. चेंडू पोचला वैशालीच्या हातात. वैशालीनं तो रेषेपल्याड टेकवला. शांता उभी राहून ओरडत होती, हाताला पीठ तसंच.

तरी आम्ही हरलो. पाहुण्या पोरींनी आम्हाला वाढलं: बाजरीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी, कांदा. काजलनं मात्र आधी सदरा खांबाला बांधला, मग येऊन बसली. गाठ लई घट्ट मारली होती.

मी शांताला म्हणाले, "मघा तुझ्या पोरीनं चेंडू कसा सोडला बघितलंस?"

"बघितलं. वैशाली मागं व्हती."

"मग तू जा पुढं. मागं मी हाय. तुमच्या घरात राहते, तुमी येईस्तोवर."

"माय, तुमी? तुमचं घरदार?"

"माझ्या घराला सून हाय. तिला बी जरा मोकळं वाटंल."

शांता कितीतरी वेळ भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत राहिली. मग लेकीकडं न बघताच म्हणाली, "काजे, जा. सदरा सोडून आण." गाठ काही सुटेना. शेवटी वैशालीनं दातानं सोडली.

सकाळी ट्रॅक्टर निघाला. ट्रॉलीतून शांता ओरडत होती, "आजीला तरास दिऊ नगं! डोक्याला तेल लाव!" काजल मान हलवत होती. ट्रॅक्टर वळणाआड गेल्यावर माझ्या पदरात तोंड खुपसून रडली, मग शाळेत गेली.

आज उमापूरला आले आहे ती उरलेली लुगडी न्यायला. काजल दोन दिवस कदम सरांच्या घरी आहे. सून म्हणाली, "आत्याबाई, या वयात तिथं काय करणार?" मी म्हटलं, पोर शाळेतून आली की तिला मी दारात दिसणार, बाकी काय. प्रवासात काय राहिलं म्हणाल, तर माझं कंबरडं एसटीत राहिलं आणि मी घाटनांदूरला.

उन्हाळ्यात सगळे परतले की पुन्हा सामना होईल, तेव्हा या. तोवर कुणी इकडून जाणार असेल तर त्याच्याकडं बाजरीचं पीठ पाठवा, घरचं येसर आणि शेंगदाण्याचे लाडू. लाडू दोघींपुरते नकोत, सरावानंतर अख्खा संघ आमच्याच ओट्यावर बसतो. पेढे पाठवू नका, माझ्या दातांना चिकटतात. आणि येसराच्या डब्याला लाल चिंधी बांधा, लिहिलेलं मला वाचता येत नाही. विसराल, म्हणून आत्ताच बांधा.