विहिरीपर्यंतची दोरी

आम्ही दहा-बारा जण होतो. सगळे भौतिकशास्त्रवाले, सगळे भारतातले, आणि वर्षातले पाच महिने बर्फाखाली असणाऱ्या एका परदेशी गावातल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कामाला. नव्वदीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. बंगाली, तमिळ, मल्याळी, एक पुणेकर आणि वसईच्या वाडीतली मी. एरवी आमचं फारसं पटायचं नाही, कारण प्रत्येकाला आपलंच गणित बरोबर वाटायचं. पण एक पद्धत सगळे पाळायचे. डिसेंबरात जो कोणी भारतात जाईल, त्याने वाटेवर येतील तेवढ्या इतरांच्या आईवडिलांना भेटून यायचं. मग जानेवारीत कोणाच्या तरी घरी जमून, इडल्या आणि खिचडी खात, त्याने एकेका घराची हजेरी द्यायची. फोटो हातोहात फिरायचे.

मला सुट्टी मिळत नव्हती. खरं सांगायचं तर मी ती मागत नव्हते, प्रयोग रंगात आला होता. त्यामुळे चार वर्षं मी आमची वाडी पाहिली ती दुसऱ्यांच्या डोळ्यांनी. खिडकीबाहेर बर्फ पडत असायचं, कोणीतरी बोलू लागायचं, आणि माझ्या पायाखालचा गालिचा हळूहळू ओला होत जायचा. पाटाचं पाणी केळीच्या बुंध्याशी पोचायचं. सोनचाफ्याचा वास यायचा. पाचूबंदरची मासळीवाली दारात टोपली उतरवायची आणि आई बोंबलांवरून तिच्याशी वाद घालायची. सांगणाऱ्याने यातलं निम्मंही सांगितलेलं नसायचं.

बाबा उत्तम आहेत, असं प्रत्येकानेच सांगितलं. ते स्वतः वाडीभर फिरवतात. ही राजेळी केळ, ही वेलची केळ, हा फणस अमुक साली लावला, असं झाडन् झाड त्यांना पाठ आहे. बाजूच्या चर्चची घंटा ऐकून ते घड्याळ न बघता वेळ सांगतात. बंगाली मित्राने तर गमतीने विचारलं होतं की तुमच्याकडे धुणं एवढं कसं असतं. ओटीपासून थेट विहिरीपर्यंत दोरी आणि दोरीभर कपडे. सगळे हसले. आईला स्वच्छतेचं वेड आहे, असं म्हणून मीही हसले. फोटोत बाबा विहिरीपाशी उभे होते, एक हात दोरीवर ठेवून.

चार वर्षांत चार माणसं जाऊन आली आणि चौघांचं उत्तर एकच आलं. एकाला दिसलं तर तो भास असू शकतो, चौघांना वेगवेगळ्या वेळी तेच दिसलं तर ते खरं, ही आमची श्रद्धाच होती. मी त्या श्रद्धेवर बिनघोर झोपत होते.

मग मुंबईत अचानक एक परिषद ठरली आणि पत्र पोचायच्या आधी मीच पोचले. सकाळची वेळ होती. वाडीत धुकं होतं, त्यात न्हाणीच्या चुलीचा धूर मिसळला होता, आणि मला वाटलं की मी अजून कोणाचं तरी सांगणं ऐकतेच आहे. समोरून बाबा येत होते. डावा हात दोरीवरून सरकवत, सावकाश. दोरीवर एकही कपडा नव्हता. माझ्यापासून हातभर अंतरावर ते थांबले आणि माझ्या खांद्यापलीकडे बघत म्हणाले, "कोन हाय?"

पुढचं आईने सांगितलं. बाबांची नजर जायला लागून चार वर्षं होऊन गेली होती. अमुक दिवशी अमुक येतोय, असं पत्र आलं की ती घरातल्या साड्या, चादरी, कोरे कपडेसुद्धा दोरीवर टाकायची, म्हणजे दोरीचं कारण कोणी विचारू नये. बाबा पहाटेपासून वाडीची फेरी घोकायचे. आणि आम्ही आधी पत्र पाठवायचोच, कारण वडीलधाऱ्यांच्या घरी न कळवता जाणं बरं दिसत नाही. एकच चूक घेऊन चारदा मोजलं की चारदा तेच चुकीचं उत्तर येतं, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवत होते. माझा मलाच संताप आला.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, पण दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर होती ती टिकली असती, असं ते म्हणाले.

त्या संध्याकाळी ओटीवर मी बाबांशी भांडले. का लपवलंत, एवढंच पुन्हापुन्हा विचारत राहिले.

"तुला कलवलं असतं तर तू आली असतीस," ते म्हणाले. "आन् मग परत गेली नसतीस."

मी खरंच आले असते का, हे मला आजही ठाऊक नाही. त्यांना मात्र खात्री होती, आणि तीच मला सगळ्यात जास्त लागली.

निघायच्या सकाळी ते मला फेरीला घेऊन गेले. या खेपेला झाडं मी सांगायची, असं त्यांनी ठरवलं. मी हजेरी देऊ लागले. राजेळीला घड लागलाय. फणस ठीक आहे. विहिरीत पाणी वर आहे. विहिरीमागच्या मांडवाशी आलो. तिथली पानवेल, त्यांची सगळ्यात लाडकी, वरपासून खालपर्यंत वाळून गेली होती.

"येल कशी हाय?" त्यांनी विचारलं.

"हिरवीगार आहे, बाबा."

त्यांनी हात वर केला आणि एक पान चाचपून घेतलं. त्याचा बोटांतच चुरा झाला. तो त्यांनी सावकाश धोतराला पुसला.

"हां," ते म्हणाले, "बरी हाय." आणि घराकडे जायला त्यांनी दोरी सोडून माझा हात धरला.