सारखा माल

आमच्या चुलत दिरांइतकं स्वस्ताईला भिणारं माणूस अख्ख्या नाशकात सापडायचं नाही. लोक महागाईच्या नावाने रडतात. आमचे भाऊजी कुणी काही स्वस्त दिलं की दचकतात. सातपूरच्या एका कारखान्यात ते शिपाई होते. परदेशातून येणाऱ्या स्वस्त मालाविरुद्ध कारखान्याने दिल्लीत तक्रार केली, तेव्हा साहेबांच्या फायली उचलायला भाऊजी गेले आणि भिंतीला टेकून सगळी सुनावणी ऐकून आले. पुढे कारखाना सुटला, पण सुनावणी काही सुटली नाही. "वहिनी, आपल्या घरी महाग विकायचं आन् दुसऱ्याच्या दारात स्वस्त ओतायचं, याला डंपिंग म्हणतात. सरकार त्याच्यावर जादा कर लावतं," हे मी भाकऱ्या थापताना शंभरदा ऐकलंय. माझ्या धाकट्या जावेच्या मेथीच्या जुड्या सासूबाई बांधून देतात, तर ती म्हणे सबसिडी. भाऊजींची बायको घरी कुरडया करून विकते. एकदा तिची बहीण चांदवडहून पिशवीभर कुरडया घेऊन आली, तर भाऊजींनी तिला दारातच अडवलं. "तुमच्या गावात इकत देता, मग इथं फुकट का? हिचा धंदा बसंल ना!" आणि पिशवीतल्या चार कुरडया कर म्हणून काढून तळायला लावल्या. "अहो, सख्खी बहीण हाय माझी!" बायको ओरडली. "नातं येगळं, डंपिंग येगळं," म्हणत भाऊजींनी सगळा कर खाऊन टाकला.

दोन वर्षांमागे दसऱ्याच्या तोंडावर बाजारात मी झेंडूच्या माळा विकायला बसते, तिथे समोरच्याच दुकानात प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा आल्या. परदेशी, ढिगाने. माझ्या माळा संध्याकाळी तशाच घरी परत येऊ लागल्या. आमच्या ह्यांनी सांगून टाकलं, "दसऱ्यालाबी माल उठला नाय, तर पुढच्या साली झेंडू बंद. कोबी लावू." रोपं लावण्यापासून ओवण्यापर्यंत झेंडूचं सगळं मीच करते. मला जेवण जाईना.

भाऊजींना मात्र हुरूप आला. कुठूनसा अर्ज आणला, फुलं विकणाऱ्या सगळ्या बायकांच्या सह्या घेतल्या. "नुकसान मोठ्यांदा सांगायचं, लाजायचं नाय!" शेवटी अर्ज माझ्यापुढे ठेवला. "परदेशी माल आन् आपला माल सारखाच हाय, असं लिहून द्यावं लागतं. तरच कर लागतो. लिहा वहिनी, तुमचं अक्षर चांगलं हाय."

मी चारचौघांत बोलत नाही. पण पेन काही पुढे सरकेना. "भाऊजी, आन् वास?" एवढंच तोंडातून निघालं.

त्यांनी माझी माळ नाकाला लावली. समोरच्या दुकानातून एक प्लास्टिकची मागून आणली, तीही हुंगली. मग अर्जाची घडी घालून खिशात ठेवली. "केस हारलो आपण, वहिनी," म्हणाले, पण हसत होते.

दसऱ्याला सकाळपासून ते माझ्या टोपलीपुढे उभे. समोरच्या दुकानाकडे कुणी वळलं की आडवे जात, "मावशी, भाव मागून इचारा, आधी नाकाला लावा!" दोन-तीन जणी चिडल्या, एकीने तर छत्री उगारली. पण दुपारपर्यंत माझी टोपली रिकामी झाली आणि कोबीचं नाव कुणी काढलं नाही.

गेल्या हिवाळ्यात भाऊजी तापाने बरेच दिवस पडून होते. उठले, पण तापात नाकाला वास यायचा बंद झाला, तो काही परत आला नाही. तरी यंदा पहिली माळ ओवली तशी हात पुढे करून उभे राहिले. नाकाला लावली, डोळे मिटले, आणि हळूच विचारलं, "वहिनी, हाय ना?"

"हाय, भाऊजी," मी म्हटलं. "लय हाय."