सराईवाल्या विधवेची नोंद
जुन्या पुस्तकांच्या चामडी बांधणीचा वास आला की मला इंग्लंडमधल्या आमच्या शेजारच्या वृद्ध इंग्लिश बाई आठवतात. १९९०च्या सुमारास एका सकाळी त्या मला काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, जुनी दप्तरं ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये घेऊन गेल्या, कारण त्यांची नजर अधू झाली होती. दोनशे वर्षांपूर्वीची त्यांची एक पूर्वज नवरा गेल्यावर सराई चालवायची; तिने पुन्हा लग्न न करता एकटीने मुलं वाढवली, असं घरात सांगत आले होते. स्वतःचा नवरा गेल्यापासून बाई त्याच गोष्टीच्या आधारावर उभ्या होत्या. हिटरच्या उबेत मी चर्चच्या रजिस्टरमधली तपकिरी, वाकडीतिकडी अक्षरं लावत बसले. सराईवाल्याच्या दफनाची नोंद सापडली, आणि पाचच महिन्यांनी त्याच्या बायकोच्या नावाच्या एका विधवेचं लग्न. पण त्या गावात निम्म्या बायकांचं नाव तेच होतं. "काय लिहिलंय, डिअर?" बाईंनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "शाई फारच फिकट झालीय हो, लागत नाहीये." "असू दे," म्हणत त्यांनी माझा हात थोपटला आणि आम्ही चहा प्यायला गेलो. तेव्हा आमच्या ह्यांना जाऊनही दोनच वर्षं झाली होती. ते खोटं मी नेमकं कोणासाठी बोलले, हे मला अजून सांगता येत नाही.