सरकारी क्वार्टरमधलं कासव

सव्वीस वर्षांत मी सरकारी क्वार्टरच्या भिंतीत एकही खिळा ठोकला नव्हता, आणि याचा मला अभिमान होता. आमच्या घरातले फोटो कपाटावर टेकून उभे असतात, पुस्तकांचं शेल्फ नट-बोल्टचं आहे आणि फ्रिजचं खोकं अजून माळ्यावर आहे. उद्या बदलीची ऑर्डर आली तर परवा सामान ट्रकमध्ये चढलं पाहिजे, ही माझी पद्धत. नवरा म्हणतो, जमलं असतं तर तू मलाही घडीचा केला असतास. तो काहीही म्हणतो.

अशा या घरात मागच्या नोव्हेंबरात तीस किलोचं कासव यायचं होतं.

ते माझ्या धाकट्या भावाचं. तो आयटीत, दिल्लीतल्याच द्वारका भागात तिसऱ्या मजल्यावर राहणारा. घेतलं तेव्हा कासव तळहातावर मावत होतं. आफ्रिकेतली ही जात पुढे चहाच्या टेबलाएवढी होते, हे त्यानं नंतर वाचलं. आधी वाचायला काय झालं होतं, हे मी त्याला किती वेळा विचारलंय याची गणती नाही. गुळगुळीत टाइल्सवर कासवाचे पाय फाकायला लागले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, याला माती हवी आणि ऊब हवी. ही जात थंडीत झोपून राहत नाही, दिल्लीचा हिवाळा उघड्यावर काढला तर छाती भरून मरेल. त्यातच भावाची पुण्याला बदली झाली. आता दोनच जागा होत्या. एक गुडगावचा फार्महाउसवाला, ज्याला पार्ट्यांमध्ये मुलांना पाठीवर बसवायला ते हवं होतं. दुसरी आमची. आर. के. पुरममध्ये तळमजला, मागे अंगण. मी विचार न करता हो म्हणून बसले.

वनखात्यातली नोंद माझ्या नावावर करून घेतली. कागदांत मी कुणाला हार जात नाही. मग त्याचं घर.

"विटा आणू या," नवरा म्हणाला.

"क्वार्टर आहे, अहो. आपल्या बापाचं नाही."

मी प्लायवूडच्या चार भिंती करून घेतल्या, वर छप्पर, कोपऱ्यांना बोल्ट. अर्ध्या तासात सगळं सुटून घडी होईल असं. आत सुकं गवत आणि स्टँडवर उबेचा दिवा. मुलगी कॉलेजातून येऊन फोनवर या कासवांविषयी वाचत म्हणाली, "आई, हे लोक दीवार तोडतात. सीरियसली."

"भिंत म्हण," मी म्हणाले.

तिची मराठी सुधारण्यापेक्षा तेव्हा तिचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

शनिवारी दुपारी भाऊ रंगीत तालमीसाठी कासव घेऊन आला. त्यानं आणि नवऱ्यानं ते टबातून उतरवलं. पायाखाली माती लागल्यावर ते थोडा वेळ नुसतं उभं राहिलं, मग गवत खायला लागलं. पाय सरळ पडत होते. भावाचे डोळे भरून आले आणि मी उगाच त्याच्यावर खेकसले.

खाऊन झाल्यावर ते आपणहून प्लायवूडच्या घरात शिरलं आणि समोरच्या भिंतीला कवच लावून ढकलू लागलं. बोल्ट करकरला.

"थांबेल आता," मी म्हणाले.

ते थांबलं नाही. भिंत बाहेर पडली, छप्पर त्याच्या पाठीवर आलं आणि दिवा पेटलेलाच उपडा होऊन गवतात पडला. आधी वास आला, मग धूर. ते मागे फिरेना. जितका धूर वाढला तितकं ते कोपऱ्यात पुढेच घुसत राहिलं. मुलगी प्लग काढायला धावली. नवरा आणि भाऊ छप्पर उचलू लागले, पण त्याखाली कासव रेटत होतं. मी हात घालून धुमसणारं गवत बाहेर ओढलं. माझी तीन बोटं भाजली. मग मुलीनं त्यावर बादलीभर पाणी ओतलं.

कासव बाहेर आलं. त्याला काही झालं नव्हतं. मी भाजलेली बोटं नळाखाली धरली.

"ताई, राहू दे," भाऊ हळूच म्हणाला. "मी गुडगाववाल्याला फोन करतो. तो उद्या सकाळी नेईल." तो रागावला असता तर मी भांडले असते. "मेलं असतं गं ते."

मला लाज वाटली. भिंतीला भोक पडलं म्हणून हाउसिंगवाले बोलतील, या भीतीत मी निम्मं आयुष्य काढलं होतं, आणि त्या भीतीपायी एक जिवंत प्राणी जाळायला निघाले होते.

"शेजारी मुनिरकात विटा मिळतात ना?" मी नवऱ्याला विचारलं.

"आणि परमिशन?"

"अर्ज मी लिहिते. तोवर ते आतल्या खोलीत राहील."

"चार वर्षांनी तू रिटायर होशील. मग?"

हा प्रश्न तो दहा वर्षं विचारत होता, कासव नव्हतं तेव्हापासून. घर कुठं घ्यायचं? मी दर वेळी विषय बदलला होता.

"तळमजला बघू," मी म्हणाले. "माती असलेला. इथंच, दिल्लीत."

तो सतरंज्या शोधायला आत गेला.

आम्ही जुन्या सतरंज्या पसरून कासव आतल्या खोलीत आणलं. दिवा आता स्टँडवर ठेवायचा नव्हता, वरून साखळीनं टांगायचा होता. नवऱ्यानं हातोडी उचलली. मी ती त्याच्याकडून घेतली. उजव्या हाताला पट्टी होती, म्हणून डाव्या हातानं भिंतीत खिळा ठोकला. पहिला वाकला. दुसऱ्यानं प्लास्टरचा चांगला तुकडा पडला. तिसरा बसला. मी साखळी जोरात ओढून पाहिली आणि भावालाही ओढायला लावली.

त्यानं दोनदा ओढली. मग गुडगाववाल्याला लावायला काढलेला फोन खिशात घातला.