जपलेलं विरजण

दूध डेअरीत सगळे तिला बाटलीताई म्हणत. टँकर आला की दूध ढवळायचं, छोट्या बाटलीत नमुना घ्यायचा, नासू नये म्हणून औषधाचे थेंब टाकायचे, चिठ्ठी चिकटवायची आणि बाटली फ्रीजमध्ये ठेवायची. तरुणपणी लागली, त्याच कामात केस पांढरे झाले. हुंगल्याशिवाय ती कुणाकडचं दूध तोंडाला लावायची नाही. "लग्न केलं नाहीस तेच बरं," आई म्हणायची, "पहिल्याच दिवशी सासूचा चहा हुंगून परत आली असतीस."

दह्याच्या बाबतीत आई लेकीहून वस्ताद. तिचं विरजण तिच्या आईकडून आलेलं. घर बदललं तेव्हा सगळं सामान मागून आलं, विरजणाचा डबा तेवढा तिच्या मांडीवर. बाबांना बाहेरच्या दह्याचा घास उतरायचा नाही.

मग आई आजारी पडली. ती दवाखान्यातून परत येईल असं कुणालाच वाटेना, तिलाही नाही. एका सकाळी तिनं लेकीचा हात धरला. "विरजण संपू देऊ नकोस गं. त्याच्याशिवाय ह्यांना जेवण जात नाही."

बाटलीताईनं त्याच दिवशी घरच्या भांड्यातलं चमचाभर दही कामावर नेलं आणि स्वच्छ बाटलीत भरून ठेवलं. बाबांना म्हणाली, "काळजी करू नका. लॅबमध्ये आहे, अगदी सुखरूप."

आई गेली. घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं. बाबा अर्धं ताट तसंच सारायचे. शेवटी एकदा त्यांनीच विचारलं, "आणतेस का गं ते?"

तिनं आधी कामावरच कोमट दुधाला थोडं लावून पाहिलं. दूध दूधच राहिलं. पुन्हा लावलं, तरी तेच. तेव्हा तिनं बाटली जंतू तपासणाऱ्या मॅडमकडे दिली.

"ताई, दही लावणारा एकही जंतू जिवंत नाही यात," मॅडम म्हणाल्या. "उगवले ते नुसते माती-धुळीतले. ते कवच पांघरून बसतात, कशालाच दाद देत नाहीत." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "यात थेंब टाकले होते का?"

बाटलीताईनं नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. बाटली भरली की हात आपोआप त्या औषधाकडे जायचा. त्या दिवशी जीव दवाखान्यात होता, हात मात्र कामावर होते. आईनं जिवंत ठेवायला दिलेलं तिनं जपता जपता मारलं होतं. तिथेच स्टुलावर बसून ती ढसाढसा रडली.

घरी बाबांनी दूध कोमट करून ठेवलं होतं. तिनं काहीच लपवलं नाही. बाबा मान खाली घालून ऐकत राहिले.

"घरातलं भांडं होतं गं फ्रीजमध्ये," ते हळूच म्हणाले. "ती गेल्यावरही दही चांगलं होतं त्यातलं. मला बघवेना ते. तुझ्याकडे ठेवलंय ना, म्हणून मीच घासून टाकलं."

दूध ओट्यावर गार झालं.